रुळाला स्ट्रक्चरल पोलाद जोडताना वेल्डिंग रॉडची निवड

दारूखान्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात जुने रूळ वजनावर मिळतात. मुंबई आणि आसपासच्या कारखान्यांत त्यांचे अनेक उपयोग होतात. सरकत्या फाटकाचा मार्ग, ट्रॉलीचा रस्ता, जड यंत्राची बैठक, धक्का सोसणारे अडसर, कधी शेडचा आखूड खांब, अशा कामांना रुळाइतका कणखर आणि सहज मिळणारा तुकडा दुसरा नाही. अडचण येते ती त्याला चॅनल, अँगल किंवा प्लेट जोडण्याची वेळ आली की. तेव्हा नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानात जाऊन ‘रुळाला एमएस (माइल्ड स्टील, साधे पोलाद) जोडायचे आहे, कोणता रॉड द्याल?’ असे विचारले जाते, आणि दुकानदार आपल्या समजुतीप्रमाणे एक पाकीट पुढे करतो. माझ्या मते हा प्रश्न त्या टप्प्यावर विचारणेच चुकीचे आहे. रूळ कोणत्या प्रतीचा आहे, तो जोड वेल्डिंगनेच करायला हवा का, आणि रूळ पुरेसा तापवण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच रॉडची निवड करता येते. तापवण्याची सोय नसेल, तर बाजारातला सर्वांत महाग रॉडही त्या जोडाला वाचवू शकत नाही.

एक मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट करतो. हा लेख कारखान्यातल्या आणि शेडमधल्या कामांसाठी, म्हणजे वापरातून काढलेल्या किंवा क्रेनसाठी घेतलेल्या रुळांसाठी आहे. ज्यावरून गाड्या धावतात त्या रुळांवर आर्क वेल्डिंग करणे हा पूर्णपणे रेल्वेचा विषय आहे. त्यासाठी आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेने, ठरवलेल्या कार्यपद्धती आणि मान्यताप्राप्त वेल्डर असतात. खासगी साइडिंगच्या चालू मार्गावरसुद्धा इथे दिलेली माहिती वापरू नये.

दोन पोलादांमधला फरक

आयएस २०६२ या भारतीय मानकातील ई२५० प्रतीच्या पोलादात, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात एमएस म्हणतो त्यात, कार्बन जास्तीत जास्त ०.२३ टक्के असतो. त्याची ताणशक्ती किमान ४१० मेगापास्कल असते आणि तुटण्याआधी ते चांगले ताणले जाते. याउलट भारतीय रेल्वेच्या ८८० प्रतीच्या रुळात ०.६० ते ०.८० टक्के कार्बन आणि ०.८० ते १.३० टक्के मँगनीज असते, आणि ताणशक्ती किमान ८८० मेगापास्कल असते. बाजारात मिळणारे त्याहून जुने ७२ यूटीएसचे, म्हणजे ७२ किलो प्रति चौरस मिमी ताणशक्तीचे, रूळ कार्बनच्या बाबतीत थोडे सौम्य असतात, पण तेही एमएसच्या जवळपास येत नाहीत.

वेल्डिंगच्या दृष्टीने पोलाद किती अवघड आहे हे कार्बन समतुल्य या आकड्यावरून कळते. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवला की हा आकडा मिळतो. ई२५० साठी त्याची वरची मर्यादा ०.४२ च्या आसपास आहे. ०.७० टक्के कार्बन आणि १.०५ टक्के मँगनीज असलेल्या रुळात इतर मूलद्रव्ये न धरताही तो ०.८७५ होतो, म्हणजे दुपटीहून अधिक.

या आकड्याचा प्रत्यक्ष परिणाम समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. वेल्डच्या कडेला लागून रुळाचा काही मिलिमीटर रुंदीचा पट्टा वितळत नाही, पण लालभडक होतो. आजूबाजूचा थंड रूळ हा मोठा धातूचा ठोकळा असल्यामुळे त्या पट्ट्यातली उष्णता काही सेकंदांत शोषून घेतो आणि तो पट्टा पाण्यात बुडवल्यासारखा थंड होतो. ०.७ टक्के कार्बनचे पोलाद असे झपाट्याने थंड झाले की त्यात मार्टेन्साइट नावाची कठीण रचना तयार होते. त्याची कठीणता ६०० विकर्सच्या पुढे जाऊ शकते, आणि ते काचेसारखे ठिसूळ असते. त्यात रॉडच्या लेपातून आलेला हायड्रोजन शिरतो, वेल्ड आकसताना ताण येतो, आणि कठीणता, हायड्रोजन आणि ताण ही तिन्ही एकत्र आली की तडा जातो. बहुतेक वेळा हा तडा वेल्डमध्ये दिसत नाही. तो वेल्डच्या खाली, रुळाच्या अंगात जातो. काही वेळा तो काम संपल्यावर कित्येक तासांनी उघडतो.

रे रोडच्या बाजूच्या एका शेडमध्ये मी हे प्रथम पाहिले. सरकत्या फाटकाच्या रुळाला दोन्ही बाजूंनी अँगलचे तुकडे जोडले होते. वेल्ड दिसायला सुबक होते आणि संध्याकाळी हातोड्याने ठोकूनही पाहिले होते. रात्री पाऊस झाला. सकाळी अकरापैकी चार तुकडे हाताने हलत होते. तुटलेल्या जागी वेल्ड शाबूत होता आणि त्याच्या तळाला रुळाच्या धातूची पातळ खपली चिकटलेली होती. ती खपली पाहिल्यावर रॉडला दोष देणे मी सोडून दिले, कारण तुटलेला भाग रॉडचा नव्हताच. वेल्डला लागून असलेला रुळाचा पट्टा किती कठीण होईल हे रॉडवर अवलंबून नसते. ते रुळाच्या घटकांवर आणि थंड होण्याच्या वेगावर अवलंबून असते. रॉडच्या हातात दोनच गोष्टी आहेत, किती हायड्रोजन आणायचा आणि आकसताना येणारा किती ताण स्वतः सोसायचा.

पहिली पायरी: रूळ ओळखणे

रुळाच्या उभ्या भागावर, म्हणजे पोटावर, ठरावीक अंतराने उठावदार अक्षरे असतात. त्यात छेदाचे वजन, उदाहरणार्थ ५२ किंवा ६० किलो प्रति मीटर, पोलादाची प्रत, कारखान्याची खूण आणि घडवल्याचा महिना व वर्ष असते. वायर ब्रश मारून ती वाचावीत आणि कामाच्या वहीत लिहून ठेवावीत. पोटावर ८८० लिहिले असेल तर पुढचा विचार सरळ होतो. फार जुन्या, बाहेरून आलेल्या रुळांवर प्रत लिहिलेली नसते किंवा अक्षरे गंजून गेलेली असतात. अशा वेळी तो रूळ सर्वांत कठीण प्रतीचा आहे असे धरूनच चालावे.

ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून अंदाज येतो. एमएसच्या ठिणग्या लांब जातात आणि त्यांना फाटे थोडे फुटतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या आखूड असतात आणि चाकाजवळच दाट झुडपासारख्या फुटतात. शेजारी एमएसचा तुकडा धरून तुलना केली तर फरक लगेच कळतो. काम महत्त्वाचे असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा, पण स्पार्क पद्धतीची, म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारी ओईएस चाचणी मागावी. हातात धरून वापरायच्या, क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या एक्सआरएफ बंदुकीला कार्बन मोजता येत नाही, आणि इथे आपल्याला हवा असलेला आकडा नेमका कार्बनचाच आहे.

दुसरी पायरी: हा जोड वेल्डिंगनेच हवा का

ही पायरी बहुतेक जण गाळतात. क्रेनच्या गर्डरवर बसवलेला रूळ कधीही गर्डरला सलग वेल्ड करू नये. त्यासाठी रुळाच्या पायाला, म्हणजे खालच्या रुंद भागाला, दाबून धरणाऱ्या क्लिपा असतात. क्लिपची खालची बैठक गर्डरच्या वरच्या पट्टीला वेल्ड होते, आणि ती एमएसला एमएसचा साधा जोड असते. रूळ झिजला की काढता येतो, उन्हापावसात लांबीने हलू शकतो आणि त्याला कुठेही उष्णता लागत नाही. सरकत्या फाटकाच्या मार्गालाही हाच उपाय चालतो: खाली प्लेट, प्लेटला वेल्ड केलेले अँगलचे गुटके, आणि रूळ त्या गुटक्यांमध्ये पाचरीने किंवा नटबोल्टने घट्ट केलेला. मला निवड करायची मुभा असते तेव्हा दहापैकी सात वेळा मी हाच मार्ग घेतो.

रुळाला भोके पाडायची असतील तर ती ड्रिलनेच पाडावीत. गॅस कटरने पाडलेल्या भोकाची कडही त्याच मार्टेन्साइटची बनते आणि तिथून तडा सुरू होतो. रूळ गॅसने कापला असेल तर त्या टोकाचा किमान ३ मिमी थर ग्राइंडरने काढल्याशिवाय तिथे वेल्ड करू नये.

वेल्ड करायचाच असेल तर जागा विचारपूर्वक निवडावी. रुळाच्या डोक्यावर, म्हणजे चाक चालते त्या भागावर, कधीही वेल्ड करू नये. पायाच्या बाहेरच्या कडेवरही टाळावा, कारण रूळ वाकताना सर्वांत जास्त ताण तिथे येतो. पायाच्या वरच्या उतारावर किंवा पोटाच्या मध्यभागी, रुळाच्या लांबीला समांतर दिलेला वेल्ड त्यातल्या त्यात बरा.

तिसरी पायरी: किती ताकद हवी याचा हिशेब

‘रूळ ८८० मेगापास्कलचा आहे, म्हणून रॉडही तेवढ्या ताकदीचा हवा’ हा गैरसमज मी अनुभवी फॅब्रिकेटरकडूनही ऐकला आहे. जोड ज्या दोन तुकड्यांमध्ये आहे त्यांतला दुर्बल तुकडा जेवढे सोसेल तेवढीच जोडाला गरज असते, आणि इथे दुर्बल तुकडा ४१० मेगापास्कलचा एमएस आहे.

एक उदाहरण पाहू. ८ मिमी पायाचा फिलेट वेल्ड, म्हणजे दोन तुकड्यांच्या कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड, दिला तर त्याचा घसा ०.७ गुणिले ८, म्हणजे ५.६ मिमी होतो. पोलादी बांधकामाच्या आयएस ८००:२००७ या मानकाप्रमाणे वेल्डची परवानगी असलेली ताकद म्हणजे ४१० ला तीनच्या वर्गमुळाने आणि सुरक्षा गुणकाने भागून आलेला आकडा. जागेवर केलेल्या वेल्डसाठी हा गुणक १.५ आहे, म्हणून उत्तर सुमारे १५८ मेगापास्कल येते. त्याला ५.६ ने गुणले की दर मिलिमीटर लांबीला सुमारे ८८० न्यूटन, म्हणजे १०० मिमी वेल्डला ८८ किलोन्यूटन, साधारण ९ टन. फाटकाच्या किंवा ट्रॉलीच्या कामात एवढा भार एका गुटक्यावर क्वचितच येतो. म्हणून ताकदीचा रॉड शोधण्याऐवजी लवचीक, कमी हायड्रोजनचा रॉड शोधावा. वेल्ड जितका मऊ, तितका आकसतानाचा ताण तो स्वतः ताणून पचवतो आणि रुळाच्या ठिसूळ पट्ट्यावर कमी भार टाकतो.

चौथी पायरी: रॉड निवडणे

६०१३ हा रुटाइल लेपाचा रॉड प्रत्येक दुकानात असतो, सहज पेटतो आणि दिसायला सुंदर वेल्ड देतो. रुळासाठी तो वापरू नये. त्याच्या लेपात ओलावा मुळातच लागतो आणि त्याच्या वेल्डमध्ये दर १०० ग्रॅम धातूमागे २० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक हायड्रोजन उतरू शकतो. रे रोडच्या त्या शेडमध्ये हाच रॉड वापरला होता.

रूळ नीट तापवता येत असेल तर माझी पहिली निवड ७०१८ हीच असते. सत्तर म्हणजे ७०,००० पौंड प्रति चौरस इंच, सुमारे ४९० मेगापास्कल ताणशक्ती. एक म्हणजे सर्व स्थितींत वापरता येतो. आठ म्हणजे लोहचूर्ण मिसळलेला कमी हायड्रोजनचा लेप. वेल्डरांच्या भाषेत हाच लो हायड्रोजन रॉड. ताकद एमएसपेक्षा जास्त आहे, धातू लवचीक आहे आणि किंमत परवडते. पाकिटावर एच४ असे लिहिलेले असेल तर हायड्रोजन ४ मिलिलिटरच्या आत असल्याची ती खूण आहे. त्यापुढे आर असेल तर लेप हवेतला ओलावा उशिरा शोषतो. मुंबईत, विशेषतः जून ते सप्टेंबर, एच४आर लिहिलेल्या पाकिटासाठी थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते.

७०१८ चा एक धोका मात्र मोजून पाहावा लागतो. पहिल्या रनमध्ये, म्हणजे रॉडच्या एका फेरीत पडलेल्या थरात, रुळाचा धातू ३० टक्के वितळून मिसळला, तर वेल्डमधला कार्बन ०.७० च्या ३० टक्के अधिक रॉडच्या ०.०६ च्या ७० टक्के, म्हणजे सुमारे ०.२५ टक्के होतो. रॉडच्या मूळ धातूच्या चौपट. तापवलेल्या रुळावर हे चालून जाते, थंड रुळावर नाही. म्हणून करंट बेताचा ठेवून रुळात शिरण्याचे प्रमाण कमी राखायचे, किंवा आधी रुळाच्या बाजूला ७०१८ चे दोन थर देऊन मग त्या थरांना एमएस जोडायचा. या थर देण्याच्या पद्धतीला बटरिंग म्हणतात. दुसऱ्या थरात कार्बन बराच कमी झालेला असतो आणि पुढचा जोड जवळजवळ एमएसला एमएस असा होतो. वेळ जास्त लागतो, पण भाराच्या जोडासाठी मी ही पद्धत सोडत नाही.

८०१८ किंवा त्याहून ताकदीचे रॉड इथे कोणतेही काम सोपे करत नाहीत. ते रुळाच्या बाजूला ताण वाढवतात, म्हणून त्यांचा विचार सोडून द्यावा. कठीण पृष्ठभागासाठीचे हार्डफेसिंग रॉडही जोडासाठी नाहीत.

रूळ ३०० अंशांपर्यंत तापवणे शक्य नसेल, उदाहरणार्थ जवळ रबर किंवा काँक्रीटमध्ये बसवलेले भाग असतील, तेव्हा स्टेनलेस प्रकारचे रॉड विचारात येतात. त्यांचा धातू ऑस्टेनाइट, म्हणजे मऊ आणि लवचीक रचनेचा, असतो. हायड्रोजन त्यात जास्त विरघळतो आणि फार हळू हलतो, त्यामुळे तो रुळाच्या कडेपर्यंत कमी पोहोचतो. शिवाय हा धातू बराच ताणला जातो. दुकानात मागितल्यावर सहसा ३०९एल पुढे केला जातो, कारण वेगवेगळी पोलादे जोडण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. एमएसला स्टेनलेस जोडण्यासाठी तो उत्तम आहे, पण रुळाचा कार्बन हिशेब बिघडवतो. ऑस्टेनाइटच्या वेल्डमध्ये फेराइट ही दुसरी रचना थोडी असली की तो गरम असताना फाटत नाही. कार्बन हे फेराइट झपाट्याने कमी करतो. घटकांवरून वेल्डची रचना सांगणाऱ्या शॅफ्लर आकृतीवर मांडून पाहिले तर रुळाचा २० टक्के धातू मिसळला तरी ३०९एल च्या वेल्डमध्ये फेराइट उरत नाही आणि मधल्या रेषेवर गरम तडा जाण्याची शक्यता वाढते.

३१२ या रॉडमध्ये सुमारे २९ टक्के क्रोमियम आणि ९ टक्के निकेल असते, त्यामुळे त्याच्या वेल्डमध्ये फेराइटचा साठा मोठा असतो. २० टक्के मिसळीनंतरही त्यात फेराइट शिल्लक राहते. ३० टक्क्यांवर मात्र तोही काठावर येतो. म्हणून ३१२ निवडला तरी आर्क रुळावर कमी आणि एमएसकडे जास्त धरावा. त्याची ताणशक्ती किमान ६६० मेगापास्कल असते, म्हणजे तो ३०९एल इतका मऊ नाही, पण अनोळखी जुन्या रुळाच्या किरकोळ दुरुस्तीसाठी तो सर्वांत विश्वासाचा वाटतो. या रॉडने केलेला जोड नंतर ५५० ते ९०० अंशांच्या दरम्यान जास्त वेळ तापवू नये, कारण त्या तापमानात त्याचे फेराइट ठिसूळ होते. १८-८ मँगनीज प्रकारचा रॉड मिळाला तर धक्क्याच्या कामासाठी तो ३१२ पेक्षा बरा, कारण तो अधिक मऊ असतो आणि त्यातले मँगनीज गरम तड्यांना आवर घालते.

निकेलवर आधारित एनआयसीआरएफई-३ रॉड तांत्रिकदृष्ट्या या सर्वांत उजवा आहे. त्याचे उष्णतेने प्रसरण पावण्याचे प्रमाण साध्या पोलादाच्या जवळ असते, तर ऑस्टेनाइट स्टेनलेसचे साधारण दीडपट असते. म्हणून वारंवार तापणाऱ्या आणि थंड होणाऱ्या जोडांमध्ये, म्हणजे भट्टीजवळच्या ट्रॉलीच्या मार्गावर, निकेल रॉडचा खर्च सार्थ ठरतो. फाटकाच्या रुळासाठी तो वापरणे मात्र पैशांचा अपव्यय आहे.

स्टेनलेस किंवा निकेल रॉड घेतला म्हणून तापवणे पूर्णपणे टाळता येते, ही समजूत सोडावी. रुळाचा पट्टा तरीही कठीण होतोच. किमान १५० ते २५० अंश तापवल्याशिवाय मी रुळावर कोणताही रॉड पेटवत नाही. आणि या रॉडच्या धुरात घातक क्रोमियम असते, म्हणून बंद शेडमध्ये पंखा आणि योग्य मास्क असल्याशिवाय काम सुरू करू नये.

पाचवी पायरी: रॉड कोरडा ठेवणे

मुंबईच्या पावसाळ्यात ही पायरी चुकली तर आधीची सगळी निवड वाया जाते. ७०१८ चे फाटलेले पाकीट रात्रभर उघडे राहिले तर तो नावापुरताच लो हायड्रोजन उरतो. असे रॉड ३०० ते ३५० अंशांवर दोन तास भट्टीत भाजावेत, नंतर किमान १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवावेत, आणि वेल्डरने एका वेळी तासा-दोन तासांपुरते रॉड गरम क्विव्हरमध्ये, म्हणजे रॉड गरम ठेवणाऱ्या डब्यात, घेऊन जावेत. उघड्या हवेत चार तासांपेक्षा जास्त राहिलेला रॉड पुन्हा भाजल्याशिवाय वापरू नये. एकच रॉड पुनःपुन्हा भाजत राहिल्यास लेप सुटू लागतो, म्हणून कारखानदाराने पाकिटावर दिलेली मर्यादा पाळावी. गॅस शेगडीवर किंवा हॅलोजन दिव्याखाली रॉड ‘शेकून’ घेण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्याने हात पोळतात, लेपातला ओलावा जात नाही.

सहावी पायरी: तापवणे आणि वेल्ड करणे

०.७ टक्के कार्बनच्या पोलादात मार्टेन्साइट साधारण २०० ते २२० अंशांच्या खाली बनू लागते. रूळ ३०० ते ३५० अंशांवर ठेवला तर वेल्डच्या कडेचा पट्टा त्या मर्यादेच्या वरच राहतो आणि त्याला मऊ रचनेत बदलायला वेळ मिळतो. तापवण्याच्या आकड्यामागचे कारण हे आहे. वेल्डच्या दोन्ही बाजूंना किमान १०० ते १५० मिमी आणि रुळाचे डोके, पोट, पाय हे तिन्ही भाग सारखे तापले पाहिजेत.

६० किलोच्या रुळाचा अर्धा मीटर म्हणजे ३० किलो पोलाद. ते ३०० अंशांनी तापवायला सुमारे ४.५ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि टॉर्चची बरीच उष्णता हवेत जाते. गॅस कटरचे छोटे नोझल यासाठी अपुरे पडते, एक बाजू लाल करते आणि दुसरी कोमट ठेवते. एलपीजीचा मोठा हीटिंग टॉर्च हवा, शक्य तर दोन बाजूंनी दोन. तापमान ठरावीक अंशाला वितळणाऱ्या खास खडूने किंवा संपर्क थर्मामीटरने मोजावे, तेही ज्योत बाजूला करून दोन मिनिटांनी, आणि ज्योतीच्या विरुद्ध बाजूला. डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. ३०० अंशांचा रूळ दिसायला थंड रुळासारखाच असतो.

तापवण्याआधी रुळावरचा गंज, ग्रीस, रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. रूळ दवाने ओला असेल तर आधी पूर्ण कोरडा करावा. एमएसच्या तुकड्याला फट राहू देऊ नये, कारण फट जितकी मोठी तितके आकसणे जास्त.

टॅक हा तुकडा जागी धरण्यासाठीचा छोटा वेल्ड असतो, म्हणून तो सर्वांत वेगाने थंड होतो. टॅकही पूर्ण तापमानावरच द्यावा आणि किमान ५० मिमी लांब ठेवावा. १० मिमीचे ठिपके देऊन नंतर रूळ तापवणे म्हणजे तडे आधीच रोवून ठेवणे होय. ३.१५ मिमीच्या ७०१८ साठी डीसी प्लसवर (रॉड धन टोकाला जोडून) १०० ते १३० अँपियर आणि ४ मिमीसाठी १४० ते १८० अँपियर पुरतात. जुन्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा उघडा व्होल्टेज, म्हणजे आर्क पेटण्याआधीचा व्होल्टेज, कमी असेल तर ७०१८ चिकटतो. अशा वेळी रॉड बदलण्याऐवजी रेक्टिफायर किंवा इन्व्हर्टर आणावा. आर्क आखूड ठेवावा, रन सरळ ठेवावा, रॉड फार हलवू नये.

आर्क नेहमी एमएसवर किंवा वेल्डच्या आत पेटवावा. रुळाच्या उघड्या अंगावर रॉड घासून पेटवण्याची सवय घातक आहे. त्या एका ठिणगीखाली मोहरीएवढा मार्टेन्साइटचा ठिपका तयार होतो आणि वर्षभराने तडा तिथून निघतो. अर्थ क्लॅम्पही एमएसच्या तुकड्यावर, साफ धातूवर घट्ट लावावा. रुळावर सैल लावलेला क्लॅम्प ठिणग्या उडवतो आणि तेच नुकसान करतो. चुकून असा ठिपका पडलाच तर ती जागा १ मिमी खोल ग्राइंड करून काढावी.

रनांचा क्रम असा असावा की शेवटचा रन रुळाच्या कडेला न लागता, कडेपासून २ ते ३ मिमी आत, आधीच्या वेल्डवर बसेल. त्याची उष्णता आधीच्या रनने कठीण झालेला रुळाचा पट्टा मऊ करते. रनच्या शेवटी राहणारा खड्डा, म्हणजे क्रेटर, भरून घ्यावा. दोन रनांच्या मध्ये तापमान ३०० च्या खाली गेले तर थांबून पुन्हा तापवावे. जेवणाच्या सुट्टीसाठी अर्धवट जोड सोडून जाऊ नये. स्टेनलेस रॉडच्या बाबतीत उलट काळजी असते, तिथे लहान करंटने आखूड रन द्यावेत आणि तापमान ठरवलेल्या २५० च्या वर चढू देऊ नये.

सातवी पायरी: थंड होऊ देणे

७०१८ ने काम संपल्यावर टॉर्च लगेच बंद करू नये. जोड ३०० ते ३५० अंशांवर आणखी अर्धा ते एक तास राखावा. या तापमानात रुळाच्या पट्ट्याची रचना बदलायला काही मिनिटे लागतात, आणि हायड्रोजनला बाहेर पडायला त्याहून जास्त. मग सिरॅमिक वूलच्या चादरीने सर्व बाजूंनी झाकून रात्रभर सोडावे. चादर नसेल तर कोरडी, गरम करून घेतलेली वाळू चालते. भिजलेली वाळू चालत नाही. शेड उघडी असेल तर पावसाची झड आणि समुद्राकडचा वारा अडवण्यासाठी आधीच ताडपत्री बांधावी. पाणी टाकून थंड करणे तर दूरच, ओल्या फडक्याने स्लॅग (वेल्डवरची खपली) पुसणेही टाळावे.

तपासणी किमान ४८ तासांनी करावी, कारण उशिरा उघडणारे तडे त्याआधी दिसतीलच असे नाही. डीपी टेस्ट, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या रंगाची चाचणी, करताना लाल रंग वेल्डच्या कडेपलीकडे रुळावर १५ ते २० मिमीपर्यंत लावावा. आपला तडा तिथेच असतो. सुवाह्य कठीणता मापक मिळत असेल तर कडेचा पट्टा ३५० विकर्सच्या आसपास किंवा खाली आहे का ते पाहावे. मूळ रुळाचीच कठीणता किमान २६० ब्रिनेल (कठीणतेचे दुसरे माप) असते, म्हणून त्याहून थोडा जास्त आकडा आला तर घाबरू नये. ५०० च्या पुढे आला तर तापवणे कमी पडले असे समजावे.

मोठ्या कामाआधी त्याच रुळाच्या तुकड्यावर चाचणी घेणे मी आवश्यक मानतो. १०० मिमी लांबीची प्लेट एकाच बाजूने फिलेट करावी, दोन दिवस ठेवावी, आणि नंतर प्लेट हायड्रॉलिक जॅकने वेल्डकडे दुमडावी. प्लेट वाकली किंवा वेल्डचा धातू फाटला तर पद्धत बरोबर आहे. वेल्ड रुळाची खपली घेऊन निघाला तर रॉड बदलण्याआधी तापमान वाढवावे.

तडा सापडला तर त्यावर रन देऊन झाकू नये. ग्राइंडरने तडा पूर्ण संपेपर्यंत धातू काढावा, डीपीने खात्री करावी, रूळ आधीपेक्षा ५० अंश जास्त तापवून पुन्हा वेल्ड करावा. एकाच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर तो तुकडा कापून टाकावा, रुळाची ती जागा घासून गुळगुळीत करावी आणि तिथे क्लिप बसवावी.